ताटावरचा डावा हात

अर्जुनाने डाव्या हाताने ताटाची कड घट्ट धरली होती आणि हंबीररावांची नजर काही त्या हातावरून हलत नव्हती.

त्यांची पोरगी शकू पसंत पडली होती, आता पोरगा पडायचा होता. कोरेगावच्या त्या आळीत घरटी एक माणूस फौजेत. हंबीरराव स्वतः पासष्टची लढाई करून सुभेदार म्हणून घरी आलेले. पण नेव्हीतला जावई भावकीत अजून कुणी पाहिला नव्हता. हा मिरजेकडचा, मध्यस्थ नानासोंनी जुळवून आणलेला. असल्या अनोळखी माणसाला बोलण्यातच पकडायचं असतं.

"तुमची बोट कसली म्हनायची?"

"पलटन उतरवायची, मामा. रनगाडे, ट्रका. किनारा आला की सरळ वाळूत चढवायची."

"बोट? वाळूत?"

"व्हय. बूड सपाट असतंय. मंग म्होरलं त्वांड उघडायचं, लोखंडी फळी टाकायची, की गाड्या भाईर."

बोट रुतली की कप्तानाची नोकरी जाते, एवढं हंबीररावांनाही ठाऊक होतं. हा बेटा मुद्दाम रुतवतो म्हणे!

"आन् माघारी कशी निघती?"

"येतानाच मागं समुद्रात नांगर टाकल्याला असतोय. त्याच्या दोरावर सोताला वढून घेती."

"बरं. दावा की एकदा आमाला."

"आता कुठली, मामा! गोऱ्यांच्या लढाईतली म्हातारी ती. एकाहत्तरला पलटन उतरवली, मंग बेटांवर धान्य पोचवलं. यंदा मोडीत काढली."

मोडीत काढली! वा रे पठ्ठ्या, म्हणजे साक्षीदारच उरला नाही. हंबीररावांच्या डोक्यात सगळं चपखल बसलं. पलटणीत कोठडीतले कैदी त्यांनी जेवताना पाहिले होते. शेजारचा ओढून घेईल म्हणून तेही ताट असंच धरून बसत. शकू अशाच्या घरात द्यायची?

"पाव्हनं, खरं सांगा. किती वर्सं आत हुता?"

नानासोंचा घास हातातच राहिला. अर्जुनाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. त्याने हात झटकन मांडीवर घेतला.

"सपाट बुडाची बोट लय हालती, मामा. ताट सोडलं की समोरच्याच्या अंगावर. घरी आई बी वरडती."

"ही जमीन हाय. ही हालत न्हाई." हंबीरराव उठायला लागले.

"आवं, बसा खाली!" त्यांच्या कारभारीण चंद्राबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. "लढाई सरून किती वर्सं झाली? आजून भिंतीला पाठ लावल्याबिगर आन् दाराकडं त्वांड केल्याबिगर तुमाला घास गिळत न्हाई. मी इचारलं का कवा, कोन येनार हाय म्हनून?"

अर्जुनाच्या शेजारच्या पाटावर हंबीररावांची पाठ भिंतीला होती. दार समोर होतं. ते खाली बसले.

चंद्राबाईंनी रस्सा वाढला. अर्जुनाचा हात आपसूक ताटाकडे निघाला आणि लाजून वाटेतच थांबला.

हंबीरराव भिंत सोडून पुढे सरकले, दाराला पाठ करून अर्जुनासमोर बसले. त्यांनी त्याच्या ताटाची कड धरली.

"जेवा निवांत," ते म्हणाले. "मी धरलंय."