बुलबुलाचा बाप

"बाई, वडिलांसमोर आपलं लेकरू उचलायचं नसते, हे त्याले मालूम आहे. तू मुद्दाम पोरीले त्याच्याजवळ ठेवू नको. त्याची फजिती होते."

सासूबाई गोजरबाईंना जाऊन वर्ष झालं, तरी त्यांचा हा आवाज विमलच्या कानात तसाच होता. म्हणून आताही अंबू दुडुदुडु अंगणातल्या काळ्या कापडाकडे निघाली, तशी विमलनं धावत जाऊन तिला उचललं. कापडाखाली कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यामागं अंबूचा बाप.

रंगराव मुंबईला एका कंपनीत फोटो काढायच्या नोकरीवर होता. धक्क्याला जहाज लागलं, माल चढू लागला, जुहूच्या मैदानात टपालाचं विमान उतरलं, की याचा कॅमेरा तिथं हजर. वर्षानं महिनाभराची रजा मिळाली, तर नांदुऱ्याला घरी येऊन या गृहस्थानं काय करावं? लिंबोणीच्या झुडपात बुलबुलाचं घरटं शोधून काढलं. तीन पिल्लं होती. जोडी दिवसभर किडे आणून चारायची आणि हा दिवसभर कापडात डोकं घालून उभा.

शेजारच्या शालूबाई कुंपणावरून विचारायच्या, "काय वं विमल, तुह्या मालकाले जहाजं कमी पडली का? आमच्या कोंबडीचा बी काढ म्हनाव एक फोटो!"

ओसरीवर सासरे उकंडराव बसलेले असत. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, हातात अडकित्ता. मुलानं आणलेला जहाजाचा फोटो त्यांनी लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि विचारलं, "यातली आपल्या नांदुऱ्याच्या कापसाची गाठ कोनती?" विमानाच्या फोटोला त्यांनी नुसतं "हं" म्हटलं. बुलबुलाचं ऐकल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. "बुलबुल तर फुकट दिसते बे. त्याच्यासाठी मुंबईचा कॅमेरा कायले?"

रंगराव हसायचा. पण वडील समोर असेपर्यंत लेकीकडे बघायचं तेही चोरून. रात्री तो खोलीत यायचा तेव्हा अंबू झोपलेली. सकाळी अंबू उठायची तेव्हा ओसरी जागी. एकोणीस दिवस असेच गेले. पंधरा महिन्यांची पोर दूधवाल्याकडे झेप घ्यायची, शालूबाईंच्या कोंबडीमागं धावायची आणि बाप दिसला की भोकाड पसरायची. आता अकरा दिवस उरले होते. मग पुन्हा वर्षभर मुंबई. विमलनं तुळशीपुढं हात जोडले तरी तिला दुसरं मागणं सुचत नव्हतं. जाण्याआधी एकदा तरी पोरीनं बापाला ओळखावं.

त्या दिवशी सकाळी रंगरावानं धान्याच्या खोलीत अंधार करून एक फोटो तयार केला आणि ओसरीतल्या दोरीवर वाळत घातला. घरट्याच्या काठावर दोन बुलबुल, मधे तीन उघड्या चोची.

विमल दाराआड उभी राहिली. पदर कपाळापर्यंत ओढला. सासऱ्यांशी बोलायची तिची प्राज्ञा नव्हती. पण विचारायचं नवऱ्याला. ऐकायचं कुणी, ते तिनं देवावर सोडलं.

"यातली माय कोनती अन् बाप कोनता?"

"नाही सांगता येत," रंगराव म्हणाला. "दोघं सारखेच दिसतात. अन् दोघंबी चारतात."

"बाप बी?"

"हाव. बाप बी."

"सगळ्यांसमोर?"

अडकित्ता थांबला. रंगरावानं दोरीवरचा फोटो उगाच सरळ केला. मग ओसरीवरून उकंडरावांचा आवाज आला, "अन् बुलबुलाचा आजा कुठी बसते मंग?"

विमलचे कान तापले. ती तशीच चुलीपुढं जाऊन बसली. सासूबाईंचं ऐकायला हवं होतं, असं तिला भाकरी थापताना दहादा वाटलं. दुपारी तिनं मान वर न करता पानं वाढली. उकंडरावही मान वर न करता जेवले.

जेवणानंतर ते ओसरीवर आडवे व्हायचे. हा नेम कधी चुकला नव्हता. आज त्यांनी खुंटीवरची छत्री काढली आणि वहाणा पायात सरकवल्या.

"कुठी चालले, बाबा? एवढ्या उन्हाचं?" रंगराव उठून उभा राहिला.

"मारोतीच्या देवळात."

उकंडराव देवळात जायचे ते वर्षातून एकदा, हनुमान जयंतीला, तेही प्रसाद वाटायच्या वेळेला.

"अकरा दिवसांचा नवस बोललो. रोज दुपारी घडीभर तिथं बसाचं."

"कायचा नवस?"

"ते मारोतीले मालूम."

"मग मी येतो ना संगं."

"तू कायले? नवस माहा आहे." त्यांनी दाराआडच्या पदराकडे न बघता आवाज जरासा चढवला. "परत येतांनी मी फाटकापासून खाकरत येईन."

विमलच्या कडेवर अंबू चुळबुळत होती. तिला खाली ठेवावं की धरून ठेवावं, विमलला कळेना.

पायरी उतरता उतरता उकंडराव थांबले. मागं वळले नाहीत.

"तू अंबूएवढा होता," ते म्हणाले, "तवा माहा बाप ओसरीवरून कधी उठलाच नाही बे."

आणि छत्री उघडून ते वैशाखाच्या उन्हात चालू लागले.