‘शीशंग’चा अर्थ

पहिल्या पानाच्या शेवटच्या शब्दावर सुहासिनीची नजर थबकली. शीशंग.

वडिलांच्या नोकरीपायी तिचं बालपण शांघायला गेलं होतं. गुप्ते कुटुंब ठाण्याला परतलं त्याला आता चार वर्षं झाली होती. या घरात चिनी वाचता येतं, असं ऐकून बाळकुमची रंगूबाई पत्र घेऊन आली होती. सोबत सून होती, कलावती. ती बाहेर फाटकापाशीच उभी राहिली. आत यायचं धाडस तिला झालं नाही.

रंगूबाईचा लेक काळुराम बोटीवर खलाशी म्हणून गेला, त्याला अकरा वर्षं लोटली. त्यानंतरचं हे पहिलं पत्र. चीनमधल्या कुठल्याशा इस्पितळाच्या कारकुनाने लिहिलेलं.

"काय लिवलंय गं बाय?"

शीशंग म्हणजे त्याग. पण कशाचा ते न सांगता हा शब्द नुसताच आला, तर त्याचा अर्थ एकच. माणूस कामी आला. ‘काळुरामने रुग्णांच्या सेवेसाठी शीशंग केलं,’ इथे पान संपत होतं.

सुहासिनीने कागद खाली ठेवला. "मावशी... तुमचा काळुराम गेला."

रंगूबाई रडली नाही. भिंतीला टेकली. "दुसऱ्या कागदावं काय हाय?"

सुहासिनीने दुसरा कागद हातात घेतला. वाक्य संपलंच नव्हतं. काय सोडलं, ते चिनी भाषेत क्रियापदाच्या मागून येतं. ते इथे होतं: गावी परतण्याची इच्छा.

"चुकले मी, मावशी! जिवंत आहे तो. परत यायचं तेवढं सोडलंय त्याने. तिथल्या इस्पितळात काम करतो, तिथेच लग्न केलंय. दोन मुली आहेत."

रंगूबाईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळे वाहू लागले. मग तिची नजर खिडकीतून फाटकाकडे गेली आणि तिथेच राहिली.

"पंधरा वर्सांची आनली व्हती तिला," ती हळूच म्हणाली. "कोलशेतचा गोपीनाथ दोनदा विचारून गेला. आमच्यात विधवेचा पाट लागतो. पण ही म्हनते, नवरा जित्ता असंल तं दुसरं घर करनार नाय."

"मग आता?"

"पयला कागद खरा."

"अहो मावशी, पण तो जिवंत आहे!"

"माज्यासाठी हाय ना." रंगूबाईने दुसरं पान घडी करून चोळीत खोचलं. "तिला पयलाच वाचून दाखव."

ती उठली, फाटकापाशी गेली, सुनेला पोटाशी धरलं आणि जित्या लेकाच्या नावाने तिने हंबरडा फोडला.