उजव्या पंखातलं पीस

काकूंनी पर्समधून कागदाची एक पुडी काढली आणि पिसाबाईच्या टेबलावर ठेवली. सर, म्हणजे काकूंचे यजमान, जाऊन महिना झाला होता. त्यांच्या घरच्या कपाटात संग्रहालयाचं जे काही सापडलं ते परत करायला काकू आल्या होत्या: एक भिंग, दोन चिमटे, चाव्यांचा जुडगा आणि ही पुडी. पुडी शर्टांच्या घड्यांखाली होती म्हणे.

"कुणाचं पीस आहे बघ बरं," काकू म्हणाल्या. "तुला डोळे मिटूनसुद्धा कळतं, असं हे म्हणायचे."

ते काही अगदीच खोटं नव्हतं. सरांच्या मागे पक्षी विभाग तीच सांभाळत होती, आणि पीस बघून पक्षी सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून तर सगळे तिला पिसाबाई म्हणत. शिकवलं होतं सरांनीच, तेही कान पिळून. एकदा तिने एका पिसाची चिठ्ठी चुकवली, तर त्यांनी सगळ्या कपाटाच्या तीनशे चिठ्ठ्या नव्याने लिहून घेतल्या होत्या.

तिने पुडी उघडली. बोटाच्या पेराएवढं पीस. मुळाशी पांढरं, पुढे काळं कुळकुळीत. गप्पीदासाचं, दुसऱ्या कुणाचं असणार? कुंपणाच्या तारेवर बसून दिवसभर टकळी चालवणारा पक्षी, शेंबडं पोरही ओळखेल. ती तसं म्हणणारच होती, एवढ्यात तिला पुडीवरचा आकडा दिसला. सरांच्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेला. ४११७.

तो आकडा तिला पाठ होता. मागच्या कपाटातल्या तिसऱ्या कप्प्यात, डांबरगोळ्यांच्या वासात, कापूस भरलेला एक पक्षी पडून होता. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर हाच आकडा होता. फिकट, मातकट रंगाचा, सरांनी शोधलेला, जगात पुन्हा कुणालाही न सापडलेला. त्याला त्यांनी काकूंचं नाव दिलं होतं. काकूंना पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नसे, पण वर्षातून एकदा त्या यायच्या, कप्पा उघडायला लावायच्या आणि त्या पक्ष्याला म्हणायच्या, काय गं, किती वाळलीस. सर तेव्हा खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. लाजतात, असं पिसाबाईला वाटे.

संग्रहाची नवी यादी उद्या छापायला जाणार होती. त्या पक्ष्यापुढे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. हा नवा पक्षी नव्हेच, उन्हाने विटलेलं गप्पीदासाचं पिल्लू आहे, अशी शंका तिला कैक वर्षं छळत होती. अंगावर मोठेपणीचं एक जरी काळं पीस फुटलेलं असतं तरी निकाल लागला असता. पण तसं पीस नव्हतं. उजव्या पंखात बारीकशी रिकामी जागा होती, ती तिने कसर लागली म्हणून सोडून दिली होती. पुरावा नाही तर नाव खोडायचं नाही, उद्या प्रश्नचिन्ह पुसून टाकायचं, असं तिने कालच ठरवलं होतं.

तिने भिंग घेतलं. पिसाच्या देठाला कातडीचा कण चिकटलेला होता. गळालेल्या पिसाला तो नसतो. हे उपटलेलं होतं. पुडीचा कागद म्हणजे कॅलेंडरचं पान होतं, आणि त्यावरचं साल पक्ष्याचं नाव जाहीर झालं त्याच्या पुढचं होतं. म्हणजे सरांनाही आधी कळलं नव्हतं. कळलं तोवर नाव देऊन झालं होतं.

तिला आधी रागच आला. त्या तीनशे चिठ्ठ्या आठवल्या. मग वाटलं, एक फुंकर मारली असती तरी हे पीस उडून गेलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. तेवढंही त्यांच्याने झालं नाही. तीस-एकतीस वर्षं ते रोज त्या कपाटावरून गेले आणि कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. तिला फार वाईट वाटलं.

"काय गं, नाही येत ओळखता?" काकूंनी विचारलं.

"येतं." शब्द जिभेवर आलेला होता. तो तिने गिळला. "तुमच्याच पक्ष्याचं आहे, काकू. उजव्या पंखातलं."

यात खोटं काहीच नव्हतं.

काकूंनी पुडी स्वतःकडे ओढून घेतली. जन्मात कधी एक फूल आणलं नाही या माणसाने, त्या म्हणाल्या, आणि हे मात्र शर्टांखाली जपून ठेवलं. बोलायचं तर नावच नाही. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुडीची घडी होती तशी घातली.

पिसाबाईने हात पुढे केला. हे इथे राहायला हवं, असं काहीतरी ती पुटपुटली. तोवर पुडी पर्समध्ये गेली होती आणि काकू पर्सची चेन लावत होत्या.

"राहू दे गं माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे तर अख्खा पक्षी आहे."