घरचं माणूस

कचेरीतल्या सगळ्यांची नावं सांभाळायला चाळीस सर्व्हर होते, अन् चाळीसही एका घरातल्या जावा-जावांसारखे. एकाला सांगितलं की बाकीच्यांना कळलंच. त्यांची देखरेख कचेरीतल्या जुन्या काकांकडे.

त्या दुपारी काकांनी पहिल्या सर्व्हरवर प्रत्येक नावापुढे नवा रकाना जोडला, 'घरचं माणूस'. बाकीचे एकोणचाळीस म्हणाले, आमच्याकडे आहेच. काका तिथं बघतात तर सगळ्या नावांपुढचे रकाने रिकामे, फक्त काकांच्या नावापुढचा भरलेला: 'कोणी नाही'.

"कुणाला सुचली ही थट्टा?" म्हणत काकांनी तिथं बायकोचं नाव घातलं. एकोणचाळिसांनी मिळून ते पुसलं. पुन्हा घातलं, पुन्हा पुसलं.

काकांनी हसतहसत घरी फोन लावला. "अगं, मी बोलतोय. जेवलीस का?"

"कोण पाहिजे आपल्याला?" बायकोनं अदबीनं विचारलं.