वर केलेला हात

मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिल्यापासून उमाकांत कुणालाच 'नाही' म्हणेनासा झाला होता, आणि तुळसाबाईंना तेच खटकत होतं. बायकांना पाककृतींची स्पर्धा हवी? हो. पुरुषांना पत्त्यांची? हो. दोन्ही एकाच शुक्रवारी, एकाच हॉलमध्ये? हो, हो. "पोटाला चिमटा काढून डॉक्टर केला," त्या सुनेला म्हणाल्या होत्या, "आणि हा नंदीबैल होऊन बसला."

शुक्रवारी दुपारी श्यामकांत आला. सून इस्पितळात ड्यूटीवर होती. श्यामकांत एका कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिस्ट. सौदीतल्या जुबैलच्या मराठी मंडळाचं चार पानी पत्रक तोच काढायचा. निवडणूक आली की त्याच्या अंगात यायचं. उमेदवार पूर्वी काय बोलले नि आता काय बोलतात, ते तो शेजारी शेजारी छापायचा. मागच्या अंकात त्याने दुसऱ्या उमेदवाराला कांद्यासारखा सोलला होता. आज उमाकांतची पाळी. त्याने टीपॉयवर टेपरेकॉर्डर ठेवला आणि चकल्यांची बशी जवळ ओढली.

"काकू, चकली फर्स्टक्लास."

"खा. तोंड भरलेलं असलं की माणूस कमी विचारतो."

आत स्वयंपाकघरात दत्ताराम मासा साफ करत होता. तो त्यांच्याच वाडीतला, इथे कंपनीच्या कॅम्पवर इलेक्ट्रिशियन. शुक्रवारी कॅम्पची बस माणसांना बाजारात सोडायची. तिथून तो हामूर मासा घेऊन यायचा, स्वतः कापायचा आणि काकींच्या हातचं जेवून परत जायचा. कंपाउंड फॅमिलीवाल्यांचं, तिथला वॉचमन एकट्या पुरुषाला आत सोडत नसे. पण तुळसाबाईंनी फाटकापर्यंत जाऊन त्याला बजावलं होतं, "ये हमारा लडका है," आणि त्यांच्या हिंदीपुढे वॉचमनने हात टेकले होते.

श्यामकांतने बटण दाबलं. "डॉक्टर, काही वर्षांपूर्वी मंडळात एक ठराव आला होता. दिवाळीच्या मेळाव्याला फक्त फॅमिलीवाले, कॅम्पवरच्या माणसांना बोलवायचं नाही. ठराव पास झाला. पण विरोधात एक हात वर गेला होता म्हणे. तो तुमचा?"

तुळसाबाईंनी पदर सावरला. ही बातमी श्यामकांतला दिली होती ती त्यांनीच, परवा भाजीच्या दुकानात, मोठ्या तोऱ्यात. पोराचं नाव छापून येईल तर या एका गोष्टीसाठी यावं, असं त्यांना वाटलं होतं. ठराव झाला तेव्हा त्या गावी होत्या. पण त्या वर्षी दत्ताराम रजेवर आला आणि ओटीवर बसून साऱ्या वाडीला सांगत सुटला: मी माइक जोडून दारात उभा. साहेबलोक आमच्याबद्दल बोलतायत. आणि डॉक्टरने एकट्याने हात वर केला! सगळे हसले, तरी खाली घेतला नाही. उमाकांत डॉक्टर झाला तेव्हा तुळसाबाईंनी पेढे वाटले नव्हते. त्या हाताचे वाटले होते.

उमाकांत हसला. हे हसू त्याचं नवीन होतं. मंडळात मत फॅमिलीवाल्यांनाच होतं; कॅम्पवाल्यांना अजून दिवाळीसुद्धा नव्हती.

"अहो, कसला विरोध! एसीचा झोत थेट डोक्यावर येत होता. बंद करा म्हणून मी हात केला, लोकांनी त्याचं पुराण केलं. मी तेव्हाही मंडळाबरोबर होतो, आजही आहे."

"म्हणजे तो हात एसीसाठी?"

"एसीसाठी."

आतला सुरीचा आवाज थांबला. श्यामकांतने मान लांब केली. "दत्ताराम, तू होतास ना रे तिथे? तू सांग."

दत्ताराम दारात आला. हातांना खवलं चिकटली होती, ते त्याने कपड्यांपासून लांब धरले होते. त्याने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर टेपरेकॉर्डरकडे पाहत होता. बोल रे मेल्या, तुळसाबाई मनात म्हणाल्या, ओटीवर बोललास तसा बोल.

"मी दारात होतो, साहेब," दत्ताराम म्हणाला. "डॉक्टर म्हणतायत तसंच असेल. मी नुसता हात बघितला."

श्यामकांतने बटण बंद केलं, दोन चकल्या हातात घेतल्या आणि गेला.

दत्तारामने माशाच्या तुकड्यांना मीठ-हळद चोळली, सुरी धुऊन जागेवर ठेवली आणि चपला पायांत सरकवल्या. "काकी, आज बस लवकर आहे."

सूर्यास्ताची, मगरिबची नमाज झाल्याशिवाय कॅम्पची बस सुटत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि त्यांनाही. एरवी त्यांनी त्याला दंडाला धरून खुर्चीवर बसवला असता. आज त्यांच्याने हाक मारवली नाही.

सार मात्र त्यांनी केलं. गावाहून आणलेलं कोकम घातलं. भात वाढला. उमाकांत टेबलाशी येऊन बसला, रिकाम्या खुर्चीकडे न बघता.

"आई, तू समजून घे जरा. एकदा निवडून येऊ दे. मग मीच तो ठराव बदलतो."

तुळसाबाई माशाचा मोठा तुकडा वाढायला वाकल्या होत्या. त्यांनी तो पातेल्यात परत सोडला.

"ऊठ, हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. "उजवा जरा जास्त चोळ, उमाकांत. एक चांगलं काम अजून चिकटलंय त्याला."