तिघांची खाट

माडीच्या दारात वाटाड्याने ओठांवर बोट ठेवलं आणि सगळे प्रवासी चपला हातात घेऊन आत शिरले.

सकाळपासून तो त्यांना शहर पायी दाखवत होता. बाजार झाले, भांडी घडवण्याची ठोकठोक चालणाऱ्या गल्ल्या झाल्या, आता ही कामगारांची खोली. वर पत्रा, खिडकी नाही, मधोमध एक लोखंडी खाट. तिच्यावर एक माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता. ही खाट तिघांची, वाटाड्या कुजबुजला. एकाची पाळी संपली की दुसरा आडवा होतो, गादी गार म्हणून पडत नाही. आणि काहीही झालं तरी झोपलेल्याला उठवायचं नाही, हा इथला नियम. कोणीतरी हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

प्रवाशांतल्या दोघी बहिणी सगळ्यांत मागे होत्या. खाटेला वळसा घालताना थोरलीचा हात त्या माणसाच्या बाहेर आलेल्या पावलाला लागला. तिला चटका बसला. तिने पुन्हा, मुद्दाम बोटं टेकवली. पाऊल तव्यासारखं तापलं होतं आणि कोरडं ठक्क होतं. खोलीतल्या प्रत्येकाच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. त्याच्या मानेवर, पाठीवर टिपूस नव्हता.

ती वाटाड्याच्या कानाशी गेली. याला घाम का येत नाही, तिने विचारलं.

"नशीबवान आहे," तो म्हणाला. "या माडीवर घाम न येणारा पहिलाच."

बाकीचे खुदखुदले. धाकटीने तिला दंडाला धरून जिन्याकडे वळवलं. "ताई, इथे तरी पुरे कर गं. कोणी जरा डोळा मिटला की तू निघालीस त्याच्या नाकाशी सूत धरून श्वास बघायला."

थोरली खाली उतरली. चारचौघांत तमाशा नको, असं तिला वाटलं. आयुष्यभर तिला असंच वाटत आलं होतं.

नाक्यावर वाटाड्याने सगळ्यांना थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या. धाकटी पाय चोळत बसली, नव्या चपला कशा लागल्या ते शेजारणीला सांगू लागली. थोरलीने बाटली तोंडाशी नेली आणि पुन्हा बूच लावलं. तिने बाटली बहिणीच्या मांडीवर ठेवली आणि आलेच म्हणून निघाली. मागून धाकटी ओरडत होती, की अगं, परतीची बस निघेल, वेड लागलंय का तुला.

एकटीने चालू लागल्यावर त्या गल्ल्या वेगळ्याच झाल्या. सगळ्या एकसारख्या, सगळ्यांत हातगाड्या अडकलेल्या, माणसाला माणूस घासून चाललेला. वितळलेलं डांबर चपलेला ओढत होतं. पत्र्याची माडी कुठे, असं तिने एका हमालाला विचारलं. त्याने मान वर करून चारी बाजूंना पाहिलं. जिथे नजर जाईल तिथे पत्र्याच्याच माड्या होत्या. ती दोन चुकीचे जिने चढली आणि उतरली. मग एकदाचा तो मोडक्या कठड्याचा जिना सापडला.

वरच्या पायरीवर एक माणूस बसला होता. अंगावर कामाचे काळे झालेले कपडे, उशाला घ्यायचं बोचकं मांडीवर. डोळे मिटत होते, मान कलत होती, तो ती पुन्हा पुन्हा सावरत होता.

"आतल्याला उठवा," ती धापा टाकत म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. त्याला बरं नाहीये."

त्याने मान हलवली. रागावला मात्र नाही. परक्या बाईला समजवावं तशा सुरात, हळू आवाजात त्याने सांगितलं की तसं काही नाही, रात्रपाळी जड गेली आहे त्याला. एरवी दमून आला की सारखा कुशी बदलतो, कण्हतो. आज कसा गाढ झोपलाय.

त्याच्या खांद्यावरून तिला खाट दिसत होती. झोपलेल्याचा चेहरा आता दाराकडे कलला होता. उघड्या तोंडावर एक माशी बसली, आत गेली, सावकाश बाहेर आली.

ती पुढे सरकली. त्याने पायरीवर आडवा हात धरला आणि ओशाळून हसला.

"माझी पाळी केव्हाच सुरू झालीये," तो म्हणाला. "पण म्हटलं, राहू दे. माझ्यातली थोडी झोप आज त्याला दिली. उद्या तो मला देईल."