अंगाईची चौथी ओळ

जालन्यात, १९५३ साली, सिद्दी घराण्यातील वृद्ध मुबारकबी आपल्या सुनेला, हलीमाला, अंगाई शिकवीत होत्या. पाच पिढ्यांमागे आफ्रिकेतून जहाजात घालून आणलेल्या पूर्वज स्त्रीची ती अंगाई. तिचे शब्द तिकडचे, अर्थ कोणालाही ठाऊक नव्हता आणि ती अखंड म्हणू शकणाऱ्या मुबारकबी एकट्याच उरल्या होत्या. ती नष्ट होऊ नये म्हणून शेजारचे गिरिधरराव, जिनिंग कारखान्यातले फोरमन, वही उघडून बसले होते.

हलीमाने चारही ओळी अचूक म्हटल्या.

"चुकली," मुबारकबी म्हणाल्या.

"आता काय चुकलं, अम्मा? सकाळपासून दसवी बार म्हणून राह्यले!"

"चौथ्या ओळीत अटकायचं. गळा भरून आल्यावानी. मंग पुढचा शब्द."

गिरिधरराव हसले. "चाची, तुम्हाला शिकवणारीला त्या दिवशी खोकला झाला असेल. यंत्राची खडखड कोणी नकाशात काढतं का? मी ओळ सरळ लिहितो."

मुबारकबींनी वहीवर हात ठेवला.

"बिलकुल न्हाई, गिरिधरभाऊ. जहाजातून आणलेली आमची बडी अम्मा गाताना रोज त्याच जागी रडायची. तिच्या पोरीनं गाण्यासंगं ते रडणंही उचललं, अन् आम्ही साऱ्याजणींनी बराबर राखलं."

गिरिधररावांची पेन्सिल थांबली. "पण चाची, तो काही शब्द नाही."

"साऱ्या अंगाईत तेवढंच तर आम्हाला कळतं, भाऊ."